दिवसाचा दिवा

‘अहो, दिवा चालू राहिलाय तुमचा,’ समोर नुकताच राहायला आलेला शिंपी कुंपणावरून ओरडला.

बाबा सायकल स्टँडवर लावत होते. सकाळचे साडेसात वाजले होते. ऊन पायरीपर्यंत आलं होतं आणि त्या लख्ख उन्हात सीटखालचा तांबडा दिवा आपली उघडमीट करत होता.

‘राहिला नाही, ठेवलाय,’ बाबा म्हणाले.

‘दिवसाढवळ्या?’

‘घरात तपासनीस आहे. सोडत नाही.’

तपासनीस म्हणजे मी. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम मी घरी बसून करते, त्यावरून बाबांनी हे नाव ठेवलं होतं. दुसऱ्याच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. शिंप्याचं आणि बाबांचं बोलणं मी माझ्या वरच्या खोलीच्या खिडकीतून ऐकत होते. खरं तर सात वाजून वीस मिनिटांपासूनच मी तिथं उभी होते. रोजच असायचे. स्टँडचा खडाक् असा आवाज आला की झटकन खाली जाऊन चहाचं आधण ठेवायचे, जणू आत्ताच उठले आहे. आईला हे माहीत होतं. बाबांनाही असावं.

बाबा दिवाबत्ती खात्यात होते. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लागतात आणि सकाळी आपोआप विझतात असं बऱ्याच लोकांना वाटतं. आमच्या भागात तरी तसं नव्हतं. रस्त्याच्या कडेला कमरेएवढ्या उंचीच्या करड्या लोखंडी पेट्या होत्या. पेटीला कुलूप, आत खटका. संध्याकाळी खटके वर करायचं काम बाबांच्या जोडीदाराचं. त्याच्या खिशात कायम एखादा जादा फ्यूज असायचा, म्हणून सगळे त्याला फ्यूजच म्हणायचे. सकाळी खटके खाली करायचं काम बाबांचं. एकतीस वर्षं ते पहाटे पाचला सायकल काढत होते. खात्यानं वेळापत्रक दिलं होतं, पण बाबा ते मानायचे नाहीत. दिव्याकडे पाठ करून ते आपला तळहात डोळ्यांसमोर धरायचे. तळहातावरच्या रेषा दिसल्या की खटका खाली. झाडांच्या रस्त्यावर सकाळ उशिरा होते, असं ते म्हणायचे. म्हणून ती पेटी शेवटी.

एवढ्या वर्षांत त्यांना एकदाच मेमो मिळाला. ते तापानं आजारी असताना पाण्याच्या टाकीजवळचा एक खटका अडकला आणि तिथला दिवा तीन दिवस भर उन्हात जळत राहिला. ‘दिवसा दिवा जळत ठेवल्याबद्दल’ असा विषय असलेला तो कागद बाबांनी लग्नाच्या फोटोंखाली प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता. तुम्ही तर अंथरुणात होता, असं आई म्हणायची. त्यावर बाबा म्हणायचे, दिवा तर माझा होता.

आणि अशा माणसाला मी सांगत होते की सायकलचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

मी कुठंतरी वाचलं होतं की काही देशांत दिवसाही दिवा लावून सायकल चालवायला सांगतात. सकाळचं तिरपं ऊन डोळ्यांवर आलं की गाडीवाल्याला पुढची सायकल दिसतच नाही. लुकलुकणारा दिवा मात्र नजर ओढून घेतो. वाचल्यापासून मला चैन पडेना. बाबा परत यायचे तो रस्ता सरळ पूर्वेकडे जाणारा. मी दिवा मागवला. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, कारागिरीचं कौतुक केलं आणि सीटखाली बसवलाही. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा तो बंद होता.

मी विचारलं तर म्हणाले, अगं, शेवटची पेटी बंद केली की हात आपोआप याच्याकडेही जातो.

मग आमचे वाद सुरू झाले. रोज चहाला बसलं की तोच विषय. आई पोळपाट घेऊन उठून जायची. सूर्याला मदत करायची म्हणतेस का, असं बाबांनी एकदा विचारलं. एकदा म्हणाले, दिसायचं काम माझं, मग बघायचं काम कुणाचं? मी म्हटलं, बघणाऱ्याचा भरवसा नाही म्हणूनच तर. मग त्यांनी जे विचारलं ते मला तेव्हा नुसतं वादासाठी वाद घालणं वाटलं होतं.

‘समज, लोकांना दिव्याची सवय लागली. दिवा दिसला की सायकल आहे, नाही दिसला की नाही. मग ज्याचा दिवा एक दिवस गेला, तो कुणाला दिसणार?’

‘ते नंतरचं नंतर बघू,’ मी म्हटलं. ‘तुम्ही आधी लावा.’

त्यांनी लावला नाही. काही दिवसांनी मी बोलायचं सोडून दिलं, खिडकीत उभं राहणं मात्र सोडलं नाही. एका सकाळी साडेसात झाले, पावणेआठ झाले, आठ वाजले. अर्धा तास उशीर झाला तेव्हा मी आईला काही न सांगता दार उघडलं आणि चालू लागले. डोक्यात नाही नाही ते येत होतं. पुलाच्या अलीकडे बाबा समोरून पायी येताना दिसले. सायकल हातात, मागचं चाक पंक्चर. मी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात आईची. सायकलच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून दिवा चालू राहू लागला. त्याला आता आठ महिने झाले होते. येता-जाता लोक टोकायचे, दिवा राहिलाय, दिवा राहिलाय. बाबा प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. फ्यूजनं मला सांगितलं होतं की खात्यात त्यांची फार चेष्टा होते. एकानं तर मोठ्या अक्षरांत ‘दिवसा दिवा जळत ठेवल्याबद्दल’ असं लिहून खोटा मेमो त्यांच्या डब्याखाली ठेवला होता. बाबांनी तो मेमोही घरी आणला आणि खऱ्याच्या पाकिटात सरकवून दिला.

तर, शिंप्यानं टोकलं त्या सकाळी बाबा चहा घेताना म्हणाले, ‘तुझा दिवा आज पेंगत होता गं. रस्ताभर जांभया देत आला.’

मी बाहेर जाऊन पाहिलं. उघडमीट मंद झाली होती. दिवा पट्टीतून सरकवून काढला आणि माझ्या टेबलावर चार्जिंगला लावला. हे माझं ठरलेलं काम होतं. पंधरा दिवसांतून एकदा दिवा काढायचा, दिवसभर चार्ज करायचा आणि संध्याकाळी परत बसवायचा. संध्याकाळची फेरी फ्यूजची असल्यामुळे बाबांना तो पहाटेपर्यंत लागत नसे.

दुपारी छापखान्यातून गठ्ठा आला. सहावीचा भूगोल, दोन दिवसांत हवा होता. मी कागद टेबलावर पसरले. नकाशातल्या एका नदीचा बाण उलट्या दिशेला होता, तेवढं मला आठवतं. बाकी त्या दिवशी काही म्हणजे काही घडलं नाही. बाबा जेवून झोपले. उठून त्यांनी मोरीचा नळ दुरुस्त केला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त गळू लागला. आई म्हणाली, हे असंच ठेवा, निदान संगीत तरी आहे. रात्री जेवताना बाबांनी विचारलं की तुझ्या भूगोलात आपलं गाव आहे का. मी म्हटलं, आपलं गाव छापायला लागणारी शाई परवडत नाही त्यांना. ते पुष्कळ वेळ हसत राहिले. मी परत कामाला बसले आणि टेबलावरचा वाचायचा दिवा चालू ठेवून कधीतरी आडवी झाले.

पहाटे बाहेर सायकलजवळ खुडबुड ऐकू आली. मग पावलं जिन्यावरून माझ्या खोलीपर्यंत आली. दार हळूच लोटलं गेलं. वाचायचा दिवा खट् करून बंद झाला. बाबा तसेच काही वेळ उभे होते. मग पावलं परत गेली.

सकाळी मी नेहमीसारखी खिडकीत उभी राहिले. साडेसात झाले. पावणेआठ झाले. पंक्चर असेल, मी स्वतःला बजावलं. या खेपेला चप्पल बघून घालायची, असंही मनात आलं. आणि चप्पल शोधायला मागे वळले तेव्हा टेबलावरच्या भूगोलाच्या कागदांखालून हिरवा ठिपका दिसला. चार्जिंग पूर्ण झालं की तो हिरवा होतो.

मी कागद उचलला नाही. कागदाच्या कडेतून येणाऱ्या त्या हिरव्याकडे बघत राहिले. आई खालून विचारत होती, आधण ठेवलंस का. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी आलं. तो फ्यूज होता. त्याच्या हातात बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. नाक ओढत त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सगळ्या पेट्या बंद झाल्या होत्या. एकही राहिली नव्हती.

शेवटची पेटी बंद करून बाबा परत येत होते. वळणावर मागून पावाच्या गाडीची धडक बसली. गाडीचा वेग जास्त नव्हता, असं सगळेच सांगत होते.

दुपारी पोलीस आले तेव्हा दादा येऊन पोचला होता. दादा दुसऱ्या गावी राहतो, गेल्या आठ महिन्यांचं त्याला काही माहीत नव्हतं. पोलिसानं विचारलं, सायकलला मागं दिव्याची पट्टी आहे पण दिवा नाही, असं कसं? मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. दादा म्हणाला, ‘होता दिवा. हिनंच आणून दिला होता. पण दिवसा दिवा म्हणजे बाबांना गुन्हा वाटायचा हो. काढून टाकला असणार.’ आई म्हणाली, पहाटे बराच वेळ खुडबुड चालली होती बाहेर, मी ऐकली. पोलिसानं तसं लिहून घेतलं. मी पेला त्याच्यासमोर ठेवला आणि आत आले.

त्यानंतर ते वाक्य घरातलंच झालं. भेटायला येणाऱ्या आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला दादा तेच सांगायचा. ऐकलं नाही त्यांनी, हट्टी माणूस. आई मान डोलवायची. काही वेळानं तीही म्हणू लागली, पोरीनं जीव तोडून सांगितलं होतं. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. शिंपी म्हणाला, तू तुझ्याकडून सगळं केलंस. मी प्रत्येक वेळी तोंड उघडायचे आणि चहा हवा का असं विचारायचे.

दिवा माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या मुद्रितांखाली होता. रात्री झोपण्याआधी मी खण पुरता बंद आहे की नाही ते बघायचे. आई झाडायला खोलीत आली की मी खणाला पाठ लावून उभी राहायचे. दर पंधरा दिवसांनी मी दाराला कडी लावून तो चार्ज करत होते. का, ते मला सांगता येणार नाही. त्याच काळात माझ्या भूगोलात एक चूक तशीच छापली गेली, तो नदीचा उलटा बाण. छापखान्यातून फोन आला तेव्हा ते म्हणाले, असू द्या, अशा दिवसांत कुणाचं लक्ष राहतं.

दोन महिने झाले असतील. दादा रविवारी आला होता. सकाळी फ्यूजनं निरोप आणला की पावाच्या गाडीचा ड्रायव्हर भेटायला यायचं म्हणतोय, तुमची हरकत नसेल तर. दादाच्या मनात नव्हतं. आई म्हणाली, येऊ दे. त्याला तरी झोप लागते की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर तो येईपर्यंतचे चार तास मी स्वयंपाकघरात काढले. धुतलेली भांडी परत धुतली. तो माणूस रोज त्या रस्त्यानं जात होता. बाबांचा दिवा रोज असायचा हे घराबाहेर ज्यांना ठाऊक होतं त्यांतला तो एक असणार. त्यानं तसं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येणार होता, की मग त्याच दिवशी दिवा गेला कुठं. त्यानं ते बोलू नये असं मला वाटत होतं. आणि बोलावं असंही.

तो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. मी दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही, पेला तसाच टेबलावर राहिला. नळ गळत होता.

‘वहिनी,’ तो शेवटी म्हणाला, ‘मी त्यांना ओळखायचो. नाव माहीत नव्हतं. आम्ही आपले दिवेवाले म्हणायचो. रोज सव्वासाताला त्या वळणाच्या आसपास गाठ पडायची. तिथं ऊन बरोबर काचेवर येतं, समोरचं काही दिसत नाही. पण त्यांचा तो लाल ठिपका दिसायचा. एवढ्या उन्हातही दिसायचा. दिसला की मी गाडी हळू करायचो, बाजूनं काढायचो, हात करायचो. तेही हात करायचे.’

आई त्याच्याकडे बघत होती.

‘त्या दिवशी ठिपका नव्हता,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, आज सुट्टीवर असतील. म्हणून मी गाडी हळू केली नाही.’

मला बाबा दिसले, चहाचा कप हातात धरलेले. ज्याचा दिवा एक दिवस गेला, तो कुणाला दिसणार? ते नंतरचं नंतर बघू, असं मी म्हटलं होतं.

दादा पुढे झुकला. ‘म्हणजे रोज लावायचे? दिवसा? बाबा?’

‘रोज. आठ महिने तरी.’

दादा मागे टेकला. त्याचे डोळे भरून आले होते, पण बोलला तो चिडून. म्हणाला की आठ महिने ऐकलं आणि नेमकं त्या दिवशी डोकं फिरलं. हट्ट तो शेवटी हट्टच. आई हळू आवाजात म्हणाली, पहाटे खुडबुड चालली होती, तेव्हाच काढत असतील. ड्रायव्हरनं आपल्या हातांकडे बघत मान हलवली आणि म्हणाला, ‘काढायला नको होता त्यांनी.’

तो तसं म्हणाला आणि खोलीत सगळ्यांनाच जरा श्वास घेता आला, हे मला कळलं. त्यालाही. बाबांवर सगळं नीट बसत होतं. बाबा काही बोलणार नव्हते.

मी जिना चढून खोलीत गेले. खण उघडला. खाली आले तेव्हा दादा ड्रायव्हरला फाटकापर्यंत सोडायला उठत होता. मी म्हटलं, थांबा जरा, बसा. दिवा मी टेबलावर, न प्यालेल्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. तो उघडमीट करू लागला. दुपारच्या उन्हात पेल्यातलं पाणी तांबडं होत होतं, मग परत साधं.

आईचा हात आपोआप पुढे आला. एकतीस वर्षं बाबांबरोबर काढलेली बाई, तिला दिवसा दिवा बघवेना. बोट बटणापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. तिनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘हा कुठं होता?’ दादानं विचारलं.

‘बाबांनी नव्हता काढला,’ मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच साधा निघाला. ‘मी काढला होता, आदल्या दिवशी, चार्ज करायला. परत बसवायला विसरले. माझ्या कागदांखाली राहिला. पहाटे ते तो काढत नव्हते गं आई, शोधत होते. वर माझ्या खोलीतही आले. माझा वाचायचा दिवा बंद केला, उभे राहिले. मला उठवलं नाही. मला वाटलं, दिवा चालू ठेवून झोपले म्हणून बोलतील, म्हणून मी डोळे मिटून घेतले. मी जागी होते.’